मार्चअखेरचं प्रशिक्षण

डॉक्टर इनामदारांनी जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला मेश्रामबाई आल्या. माझा चेहरा पडला असणार, कारण बाईंनी प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ओढत माझ्यासमोर आणली आणि बसता बसता म्हणाल्या, "मलाही तुम्हीच मिळाले. घ्या आता."

आजूबाजूला सगळे असेच समोरासमोर बसले होते. राज्यातल्या वेगवेगळ्या कारागृहांतून आलेले आम्ही सगळे खात्याची माणसं. प्रत्येक जोडीत एकानं कैदी व्हायचं आणि दुसऱ्यानं अधिकारी. शाळेतल्या नाटकासारखं वाटत होतं आणि बरेच जण तोंड लपवून हसत होते. मी हसत नव्हतो. मला त्या दिवसांत हसण्याचाही कंटाळा आला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहात तुरुंगाधिकारी होतो. जेलच्या बाहेर कोणाला सांगून पटत नाही, पण तिथे आत कैदी जितका अडकलेला असतो तितकाच त्याच्यावर नजर ठेवणारा. जागा भरलेल्या नव्हत्या. दोघांचं काम एकानं करायचं, आणि त्यातही कोणी रजेवर गेला की त्याचंही आपणच करायचं. बायको अलका बार्शीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी तिच्याजवळ. मी क्वार्टरमध्ये एकटा. सुट्टीला गेलो की पहिला दिवस झोपण्यात जायचा आणि दुसऱ्या दिवशी निघायची तयारी.

तर फेब्रुवारीत वरून पत्र आलं. कैद्यांच्या आत्महत्या कशा ओळखाव्यात, कशा टाळाव्यात, यासाठी एका संस्थेमार्फत प्रशिक्षण. बाहेरून निधी मिळाला होता आणि तो मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार होता. म्हणून सगळी घाई. आमच्या अधीक्षकांनी मला बोलावलं आणि सांगितलं, गंगावणे, एक नाव द्यावंच लागतंय, तुम्ही जाऊन या, तुम्हाला काही घरच्या अडचणी नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. अशा प्रशिक्षणाला ज्याच्यावाचून अडत नाही तो माणूस पाठवायचा, ही रीतच होती. मला फक्त एवढंच जाणवलं की माझ्यावाचून अडत नाही, हे साहेबांनाही दिसतंय.

निघण्यापूर्वी मी बरीच आवराआवर केली. गॅस एजन्सीचं, विम्याचं, मुलीच्या शाळेच्या फीचं राहिलेलं सगळं मार्गी लावलं. मोटारसायकल चुलतभावाला देऊन टाकली. त्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, मला कुठे जायचं असतं.

प्रशिक्षणाचं ठिकाण साताऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून बरंच आत होतं. संस्थेची बैठी इमारत, मागे शेत, समोर कडुलिंबाची दोन झाडं. तीन दिवस तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. पहिला दिवस भाषणांत गेला. डॉक्टर इनामदार मानसोपचाराचे डॉक्टर, पन्नाशीच्या पुढचे, आवाज बसलेला. महिनाभर ते राज्यभर फिरून हेच शिकवत होते. एकतीस मार्चनंतर मला गाडीत डिझेल घालायलाही पैसे मिळणार नाहीत, तेव्हा काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या, असं ते म्हणाले. लोक हसले, पण ते खरंच सांगत होते. दुपारच्या जेवणानंतर निम्मा वर्ग पेंगत होता. डॉक्टरांना ते दिसत होतं आणि तरी ते बोलत होते. त्या माणसाकडे बघून मला वाटलं, हाही आपल्यासारखाच दमलाय.

मेश्रामबाई चंद्रपूरकडच्या. महिला विभागाच्या तुरुंगाधिकारी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या, उजव्या गुडघ्यानं लंगडणाऱ्या. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आपल्याला या प्रशिक्षणात काडीचा रस नाही. पुण्याला एक हाडांचे मोठे डॉक्टर होते, महिनोन् महिने त्यांची वेळ मिळत नसे. हडपसरच्या भाच्यानं खटपट करून ती मिळवली होती, तिसऱ्या दिवशी संध्याकाळची. सरकारी खर्चानं पुण्याजवळ यायला मिळतंय म्हणून बाईंनी आपलं नाव स्वतःहून दिलं होतं. त्या सतत बोलायच्या. जेवताना त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. बायको काय करते, कुठल्या गावाला, मुलगी कितवीला. मी एका शब्दात उत्तरं देत होतो आणि त्या पुढचा प्रश्न विचारत होत्या. मला त्यांचा वैताग आला होता.

आणि आता त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. मी कैदी, त्या अधिकारी. त्यांच्या हातातल्या कार्डावर प्रसंग लिहिलेला होता. कालच दाखल झालेला कच्चा कैदी, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. खाली विचारायचे प्रश्न.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. जेवण जातं का? झोप लागते का? घरून कोणी भेटायला येतं का? मी उत्तरं देत होतो. जेवण जात नाही. झोप लागत नाही. लागली तरी उठल्यावर वाटतं, झोपलोच नव्हतो. घरचे लांब आहेत. हे सगळं मी त्या कैद्याचं म्हणून सांगत होतो आणि ते फार सहज येत होतं. शेवटच्या प्रश्नावर बाई थोड्या अडखळल्या. कार्डावरचं वाक्य त्यांनी आपल्या पद्धतीनं फिरवलं.

"तसलं काही मनात आणत नाही ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"झालं," असं म्हणून त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं. तेवढ्यात डॉक्टर आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "मॅडम, आपण सगळे असंच विचारतो. 'नाही ना?' असं विचारलं की समोरचा 'नाही' म्हणतो. उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो. तो 'ना' काढा आणि सरळ विचारा. मरायचा विचार येतो का, असं. शब्द उच्चारायला घाबरू नका. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही."

ते पुढच्या जोडीकडे गेले. बाईंनी कंटाळून सुस्कारा टाकला, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मरायचा विचार येतो का तुम्हाला?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही.

त्या महिन्यांत माझ्याशी बरेच लोक बरंच काही बोलले होते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही या शब्दांत विचारलं नव्हतं. माझं सगळं ठरत आलं होतं, पण शब्द न वापरता, जणू रजेचा अर्ज टाकायचा आहे इतक्या शांतपणे. सगळी आवराआवर त्यासाठीच होती. प्रशिक्षण संपवून परत जायचं, चार्ज नीट द्यायचा आणि मग. त्या 'मग'च्या पुढे मी गेलो नव्हतो, पण तिथपर्यंत पोचलो होतो. कारण विचाराल तर एक असं सांगता येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. नुसता थकवा होता आणि तो झोपेनं जात नव्हता.

बाई वाट बघत होत्या. आधी त्यांना वाटलं, मी नाटक चांगलं करतोय. मग त्यांचा चेहरा बदलला. मी तो बदलताना पाहिला. त्यांनी कार्डाकडे एकदा बघितलं. पुढचे प्रश्न त्यावर होते, पण त्यांनी ते वाचले नाहीत.

"गंगावणे साहेब," त्या हळू म्हणाल्या, "तुमचंच बोलून राहिले का तुम्ही?"

मी उठलो आणि बाहेर आलो.

त्या लंगडत मागोमाग आल्याच. कडुलिंबाखाली मी त्यांना सांगितलं की तो रोल-प्ले होता, मला जरा गरगरल्यासारखं झालं, एवढंच. त्या ऐकत नव्हत्या. मग मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हणालो, हे कुठे बोललात तर माझी नोकरी जाईल, वेडा म्हणून शिक्का बसेल. तुम्हीही खात्यातल्या आहात, तुम्हाला माहीत आहे. मला शब्द द्या.

"शब्द नाही देत मी," बाई म्हणाल्या. "काल डॉक्टर काय म्हणाले? गुप्त ठेवायचा शब्द द्यायचा नाही."

"ते कैद्यांबद्दल होतं."

"असेल."

"तुम्ही सांगितलंत तर मी नाही म्हणेन. नाटक चाललं होतं म्हणेन. तुमच्यावर सगळे हसतील."

"म्हणा," त्या म्हणाल्या. "मी तरी सांगणार."

आणि त्या सरळ डॉक्टरांकडे गेल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की आज सांगतानाही तो आठवतो. मी काही वाईट केलं नव्हतं, कोणाला त्रास दिला नव्हता, सगळं व्यवस्थित आवरून ठेवलं होतं. आणि ही कोण कुठली बाई कार्ड वाचता वाचता मध्ये आली.

डॉक्टरांनी मला दुपारी त्यांच्या खोलीत बोलावलं. मी हसून सगळं उडवून लावलं. कैद्यांबरोबर इतकी वर्षं काढली आहेत, त्यांची नक्कल तर करता येणारच, असं म्हणालो. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकलं. तुमच्या घरच्यांशी बोलू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. आज इथेच आपण दोघं थोडं बसू, असं म्हणाले. मी म्हणालो, वर्ग बुडतोय. ते म्हणाले, "मी तुम्हाला खोटं पाडत नाही, पण मेश्राम मॅडमनाही खोटं पाडणार नाही." त्यांनी आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला आणि परत जाण्याआधी पुन्हा भेटाच म्हणाले.

मला वाटलं, निभावलं.

बाईंनी त्या दुपारी काय केलं ते मला नंतर कळलं. सोलापूरच्या जेलमध्ये त्यांच्या ओळखीची एक शिपाई होती, तिची बहीण बार्शीला. त्या बहिणीकडून गावातल्या दुकानदाराचा नंबर, दुकानदाराकडून शाळेच्या मुख्याध्यापकांचा. असं करत करत त्यांनी अलकाला गाठलं. माझ्या खोलीत कोल्हापूर जेलचे एक सुभेदार होते. त्यांना बाईंनी सांगितलं की गंगावणेंचा बीपी कमी होतोय, रात्री लक्ष ठेवा, एकट्याला सोडू नका. त्या भल्या माणसानं मला बाथरूमलासुद्धा एकटं जाऊ दिलं नाही आणि मला वाटत राहिलं की हा असा विचित्र का वागतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी समारोप झाला. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला, आभार मानले. जेवून लोक बॅगा घेऊन भराभर निघाले. बाईंचा भाचा गाडी घेऊन आला होता. मी फाटकाकडे निघालो तर भाचा आणि बाई यांची बोलाचाली चाललेली. तो म्हणत होता, मामी, पुन्हा सहा महिने तरी वेळ मिळायची नाही. बाई म्हणाल्या, न मिळो. आणि त्याला त्यांनी परत पाठवलं. गाडी वळून धुरळा उडवत जाईपर्यंत त्या तिकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बसा," फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकाकडे हात करून म्हणाल्या. "तुमच्या मिसेस येऊन राहिल्या."

मी ओरडलो नाही. ओरडायलाही माणसात काहीतरी शिल्लक लागतं. मी बसलो. तुम्हाला हा अधिकार कोणी दिला, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, कोणी नाही. तुम्ही जा, तुमची डॉक्टरांची वेळ आहे, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, गेली ती.

बराच वेळ आम्ही तसेच बसून होतो. पलीकडच्या शेतात कोणीतरी ऊस तोडत होतं. आतून डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. बाई, ज्यांचं तोंड तीन दिवस मिटलं नव्हतं, त्या गप्प होत्या. त्यामुळे मलाच चमत्कारिक वाटायला लागलं.

"काहीतरी बोला," मी शेवटी म्हणालो.

"मला नाही येत जी," त्या म्हणाल्या. "काय बोलावं ते मला खरंच नाही येत. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी झोपली होती अर्धा वेळ. मी फक्त बसते."

आणि त्या बसल्या. त्यांचा गुडघा दुखत असणार, पाय त्यांनी सरळ पुढे ताणून ठेवला होता आणि अधूनमधून हातानं दाबत होत्या. मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण रडू म्हणावं तसं ते नव्हतं. नळ नीट बंद केला नाही की गळत राहतो, तसं गळत राहिलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक तेवढं मधे सरकवलं आणि मी ते घेतलं नाही तशी परत ओढून घेतलं.

ऊन उतरायला लागल्यावर हायवेकडून प्रवासी भरून नेणारी वडापची जीप आली. अलका मागच्या दारातून उतरली. अंगावर शाळेत जायची साडी, हातात फक्त पर्स. पहाटे निघून तीन गाड्या बदलून ती आली होती. ती धावत वगैरे आली नाही. हळूहळू चालत आली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मग बाईंकडे वळली.

"फोन तुम्हीच केला होता?"

"हो जी." बाई बाकाला धरून उठल्या. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकांना चार्ज देतो तशा सुरात म्हणाल्या, "हे आता तुमच्याकडे. डॉक्टर आत आहेत, त्यांना भेटल्याशिवाय न्यायचं नाही. आणि एकटं सोडायचं नाही."

अलकानं मान हलवली. बाईंनी आपली बॅग उचलली. जीप वळत होती, तिला त्यांनी हात केला आणि तिच्यात चढून बसल्या. मला त्यांनी निरोपाचं काही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मी अजून रागात होतो.

अलका माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला का सांगितलं नाही, ते मी आज विचारणार नाही. पण कधीतरी विचारणार आहे. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही असलं पाहिजे."

मग आम्ही आत डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा 'हो' म्हणालो.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लवकर झालं नाही आणि त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. डॉक्टरांनी सोलापूरच्या एका डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. गोळ्या सुरू झाल्या. लांब रजा घेतली. रजेवरून आल्यावर खात्यात कुजबुज झाली. एक बढती दोन वर्षं उशिरा मिळाली, पण नोकरी गेली नाही. गोळ्यांनी पहिल्यांदा झोप परत आली आणि मग बाकीचं हळूहळू. मधे एकदा पुन्हा घसरलो होतो. तेव्हा मात्र स्वतःच अलकाला सांगितलं. मुलीचं लग्न झालं, तेव्हा मी मांडवात होतो.

ते प्रशिक्षण पुन्हा कधी झालं नाही. निधी संपला तशी संस्थेनं ती इमारतही सोडली. अहवाल वर गेला, त्यात इतके अधिकारी प्रशिक्षित झाले असा आकडा होता. त्यातून काय साधलं, या रकान्यात कोणी माझं नाव लिहिलं नाही, लिहिता येण्यासारखं नव्हतंच. डॉक्टर इनामदारांना मी दर वर्षी फोन करतो. नवीन निधीसाठी ते अजून कुठे कुठे प्रस्ताव पाठवत असतात. एकदा म्हणाले, सगळीकडे विचारतात, तुमच्या प्रशिक्षणामुळे किती जीव वाचले ते पुराव्यासह दाखवा. मी म्हणालो, माझं नाव द्या. ते हसले आणि म्हणाले, एकावर पैसे देत नाहीत हो कोणी.

मेश्रामबाईंना मात्र मी कित्येक वर्षं फोन केला नाही. आधी राग होता, मग लाज. त्या निवृत्त झाल्याचं कळलं, तरी केला नाही. गेल्या वर्षी माझीही निवृत्ती जवळ आली तेव्हा एका दुपारी केला. त्यांनी आवाज लगेच ओळखला. इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, बाई, त्या दिवशी तुम्हाला इतकी खात्री कशी होती? मी तर तोंडावर नाकारत होतो. डॉक्टरांसमोरसुद्धा हसून उडवून लावलं होतं.

"खात्री कुठं होती जी," त्या म्हणाल्या. "आजही नाही. तुम्ही म्हणाले, नाटक होतं. तसं असेलही. मी विचार केला, खोटं निघालं तर काय होईल? मेश्रामबाई वेडी आहे म्हणतील. म्हणू द्या."

डॉक्टरांना सांगितलं होतं, अलकाला सांगितलं होतं. बाईंना कधी सांगितलं नव्हतं.

"नाटक नव्हतं, बाई," मी म्हणालो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं मी अर्धी वेडीच होती."